एकोणिसावी ओळ

गुरुनाथ पानवलकरने आयुष्यात एकही पेपर कोरा दिला नव्हता. चिपळूणच्या शाळेत सातवीच्या भूगोलाच्या पेपराला अंगात सणसणून ताप होता, तरी पठ्ठ्याने जोड्या लावल्या, गाळलेल्या जागा भरल्या, नकाशात नद्या काढल्या आणि मगच बाकावर मान टाकली. येत नसेल तरी काहीतरी लिहायचं, जागा मोकळी सोडायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. या एका सवयीवर त्याने पुण्याचं इंजिनिअरिंग काढलं, एका विमा कंपनीच्या संगणक विभागात नोकरी धरली आणि न्यू जर्सीत वेस्ट विंडसरच्या शेजारच्या टाउनशिपमध्ये घर घेतलं. आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी याच सवयीने त्याला असं काही गोत्यात आणलं की तिथून बाहेर यायला दार म्हणून सापडेना.

सुरुवात संग्रामच्या फोनने झाली. संग्राम म्हणजे तिथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, मूळचा नागपूरचा, वयाने दहा वर्षं लहान, पण दुसऱ्याला कामाला लावण्यात फार मोठा. गावातल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टने बजेट ठरवायला लोकांची एक कमिटी नेमायचं काढलं होतं. राज्याकडून येणारी मदत घटली होती, कुठेतरी कात्री लागणार हे उघड होतं, आणि कुठे लावावी ते या वेळी गावालाच विचारायचं असं डिस्ट्रिक्टच्या प्रमुख सुपरिंटेंडंटबाईंनी जाहीर केलं होतं.

"शाळांमध्ये निम्मी पोरं आपली, आणि त्या टेबलावर आपला एक माणूस नाही, यार. मी तुझं नाव दिलंय," संग्राम म्हणाला.

"अरे, मला इथे व्होटसुद्धा नाही. ग्रीन कार्डच्या लायनीत चौदा वर्षं उभा आहे मी."

"कमिटीला सिटिझन लागत नाही, रेसिडेंट चालतो. आणि तू नाही म्हणशील असं मी त्यांना सांगितलंच नाही."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. गुरुनाथ हो म्हणून बसला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं आमंत्रण आलं की मराठी माणूस आधी कुरकुरतो आणि मग सगळ्यांच्या आधी पीठ मळायला बसतो.

अर्जात एक प्रश्न होता: घरातलं कोणी डिस्ट्रिक्टच्या नोकरीत आहे का? गुरुनाथने प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं. त्याची बायको विनीता तिथल्याच एका प्राथमिक शाळेत पॅरा होती. पॅरा म्हणजे वर्गात शिक्षिकेच्या हाताखाली राहून, ज्या मुलाला जास्त सांभाळावं लागतं त्याच्याजवळ दिवसभर बसणारी बाई. अमेरिकेत आल्यावर विनीताने वर्षानुवर्षं घरात बसून काढली होती, कारण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला काम करायची परवानगीच नव्हती. परवानगी मिळाली त्याच आठवड्यात तिने ही नोकरी धरली, त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. सकाळी सव्वासातला ती गळ्यात ओळखपत्र घालून निघायची तेव्हा तिची चाल बदललेली असायची. गुरुनाथला ते दिसायचं आणि बरं वाटायचं, पण ती तिथे नेमकं करते काय, हे त्याने कधी फारसं विचारलं नव्हतं.

तिलाही फार सांगता यायचं नाही. मुलांची नावं घरी बोलायची नाहीत असा शाळेचा नियम होता आणि विनीता तो कडक पाळायची. ती ज्या मुलाजवळ बसायची त्याला ती घरी 'माझा मालक' म्हणायची. "आज मालकांचा मूड नव्हता," एवढं सांगून ती कुकर लावायला जायची.

कमिटी जानेवारी-फेब्रुवारीत चार मंगळवारी हायस्कूलच्या लायब्ररीत भरली. बावीस माणसं, कॉफीचा मोठा थर्मास, बिस्किटं. पहिले तीन मंगळवार पिवळ्या चिठ्ठ्यांवर 'शाळेचं काय आवडतं' आणि 'काय खुपतं' ते लिहून भिंतीला चिकटवण्यात गेले. चौथ्या मंगळवारी प्रत्येकाच्या हातात एक तक्ता दिला. सव्वीस ओळी, प्रत्येक ओळीत एक खर्च, त्यापुढे चौकट. ज्या खर्चावर काट मारावी असं वाटतं त्याच्या चौकटीत खूण करायची आणि बेरीज एकवीस लाख डॉलरपर्यंत न्यायची. घरी न्या, विचार करा, सोमवारी आणून द्या, असं सांगण्यात आलं.

आता गंमत अशी की इथे जन्मलेल्या माणसाला अशा तक्त्याचं काय करायचं ते न सांगता कळतं. चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी त्यावर आडवं मोठं प्रश्नचिन्ह काढून तो परत केला. कोणी 'एकही पैसा कापू नका' लिहिलं, कोणी 'गव्हर्नरला विचारा' लिहिलं, बाकीच्यांनी नुसतंच नाव घालून दिला. आपल्या हाताने खूण केली की ती कात्री आपली होते, हे एकवीस जणांना समजलं होतं. बाविसावा चिपळूणचा होता.

गुरुनाथने त्या तक्त्याला एक अख्खा रविवार दिला. एक्सेलमध्ये रकाने पाडले, मागच्या पाच वर्षांचे अहवाल उतरवून घेतले, आकडे ताडून पाहिले. अधिकाऱ्यांच्या परिषदांचे दौरे, मैदानावरचं नवं कृत्रिम गवत, हायस्कूलसमोरची चमकणारी पाटी, अशा ओळींवर त्याने पटापट खुणा केल्या. तरी थोडं कमी पडत होतं. ती जागा भरायला पुरतील अशा दोनच ओळी उरल्या. अकरावी ओळ होती प्राथमिक शाळेतलं संगीत, म्हणजे चौथीपासूनच्या पोरांचं व्हायोलिन आणि बँड. एकोणिसावी होती पॅरांना डिस्ट्रिक्टच्या नोकरीतून काढून ते काम बाहेरच्या एजन्सीला देणं.

त्याचा हात आधी अकरावीकडेच गेला होता, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. मग तो थांबला. बायकोची नोकरी वाचवायला लेकरांच्या हातातलं व्हायोलिन काढून घेतलं, असं उद्या कोणी म्हणालं तर?

त्याचे वडील चिपळूण नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. सख्ख्या मेव्हण्याचा टेंपो त्यांनी एकदा नाक्यावर अडवला आणि सगळ्यांसारखी पावती फाडायला लावली. ही गोष्ट पानवलकरांच्या घरात आरतीसारखी म्हटली जायची. त्यानंतर सहा वर्षं मामा घरी आला नाही आणि आईला भाऊबिजेला ओवाळायला भाऊ नव्हता, तेवढं मात्र त्या गोष्टीत कोणी सांगत नसे. जग म्हणतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. पानवलकरांकडे उलटा कायदा होता. बाहेरचे सगळे बाबे, कार्टं काय ते आपलंच.

गुरुनाथने एकोणिसाव्या ओळीवर खूण केली. खाली 'अभिप्राय' म्हणून सहा रेघा होत्या, त्याने सहाच्या सहा भरल्या. माझी पत्नी या ओळीत मोडते, त्यामुळे ही ओळ वाचवणं मला योग्य वाटत नाही, जे मी स्वतः सोडायला तयार नाही ते इतरांना सोडा म्हणून कसं सांगू, असं त्याने चांगल्या इंग्रजीत लिहिलं. लिहून झाल्यावर ते वाक्य त्याने दोनदा वाचलं. त्याला ते आवडलं.

विनीता तेव्हा दहा पावलांवर ओट्याशी थालिपीठं लावत होती. "एवढं काय करतोयस सकाळपासून?" तिने विचारलं.

"कमिटीचं होमवर्क."

"कर बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं. तिने ताटात लोण्याचा गोळा जरा मोठाच वाढला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुपरिंटेंडंटबाईंचं बोलावणं आलं. डॉक्टर हॅलोरन मृदू बोलणाऱ्या, पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी स्वतः उठून त्याच्यासाठी पाणी आणलं. पूर्ण भरलेला तक्ता एकच आला, तुमचा, असं त्या म्हणाल्या तेव्हा अर्ध्या मिनिटासाठी गुरुनाथची छाती फुगली. मग त्यांनी त्याचा अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवला. बजेटवर शेवटचं मत देणाऱ्या शाळा बोर्डाच्या सदस्यांना तो वाचताना भरून आलं होतं म्हणे. बजेटच्या मसुद्यात एकोणिसावी ओळ घेतली होती.

"आणि बाकीच्या? दौरे, गवत, ती पाटी?" गुरुनाथने विचारलं.

त्या यंदा शक्य नाहीत, त्यांचे करार आधीच झालेत, असं बाईंनी खेदाने सांगितलं. त्याच्या चौदा खुणांपैकी त्यांनी एकच उचलली होती.

 मला तक्ता परत घ्यायचाय, असं तो म्हणाला. मी फक्त गणित सोडवलं होतं, असंही म्हणाला. बाईंनी मान हलवली. अवश्य घ्या, त्या म्हणाल्या, मला तसं पत्र द्या. फक्त ते पत्रही मला बोर्डासमोर ठेवावं लागेल, आणि सदस्याने पत्नीची नोकरी जाते म्हणून शिफारस मागे घेतली असा त्याचा अर्थ होईल. तुमच्यासारख्या माणसाबद्दल लोकांनी तसं बोललेलं मला आवडणार नाही. यात धमकी नव्हती, त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं, आणि म्हणूनच गुरुनाथला तिथे बसवेना. पुढे जावं तर आड होता, मागे यावं तर विहीर.

पत्र त्याने दिलं नाही. विनीताला सांगितलंही नाही. सांगणार होता. मसुदा जाहीर होण्याआधी तीन दिवस होते आणि तिन्ही दिवस तो 'उद्या सांगू' म्हणत झोपायला गेला.

मसुदा जाहीर झाला त्या दिवशी विनीता घरी आली ती पायातले बूट न काढता सोफ्यावर बसली. साठ पॅरांची नोकरी एका कागदावर गेली होती. एजन्सी त्यांना घेणार होती, पण तासांवर, विम्याशिवाय, आणि रोज सकाळी जिथे गरज असेल त्या शाळेत पाठवणार होती.

"आणि ते म्हणतात हे कम्युनिटीने सुचवलंय. कोण असतात रे ही माणसं?" तिने विचारलं. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं आणि ती एकदम सावरून बसली. "तू आहेस ना त्या कमिटीवर. तू काहीतरी कर ना."

"ती नुसती सल्ला देते. आणि आतलं बाहेर बोलायचं नाही असं आहे," गुरुनाथ म्हणाला. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि तरी ते बोलताना त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

पुढचे सहा आठवडे कसे गेले ते त्याचं त्याला ठाऊक. पॅरांनी जांभळे टी-शर्ट छापून घेतले. त्यांची पुढारी नीना, तीही पॅराच, पंधरा वर्षं मुरलेली बाई, एका शनिवारी पानवलकरांकडे खोकं घेऊन आली आणि दिवाणखान्यात बसून तिने सगळ्यांच्या मापाचे गठ्ठे लावले. गुरुनाथने चहा केला. "विनीताने सांगितलंय आम्हाला, तुम्ही कमिटीवर आहात म्हणून," नीना म्हणाली. "आम्हाला जरा धीर आला. आपलं कोणीतरी आत आहे." गुरुनाथने चहात साखर घातली नव्हती. नीना तो तसाच प्यायली.

त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा किराणा दुकानाच्या रांगेत "विनीता, ते कमिटीचं" असं म्हणून सुरुवात केली, तेवढ्यात पुढच्या बाईने वळून विनीताला मिठी मारली, तीही पॅराच निघाली. एकदा सकाळी चहाच्या वेळी तोंड उघडलं, पण विनीताच म्हणाली, "तू नको टेन्शन घेऊस रे, तुझा बिचाऱ्याचा काय दोष." यानंतर कोण काय बोलणार? तो भ्याला होता. नोकरी जाण्यापेक्षा, ती गेली कशी हे कळल्यावर विनीताचा चेहरा कसा होईल, याला तो भ्याला होता.

घरात एका माणसाला मात्र कळलं होतं. त्याची मुलगी रुही, अकरावीत, एका रात्री जेवणं झाल्यावर भांडी पुसताना शांतपणे म्हणाली, "डॅड, आय सॉ युअर शीट. इट्स ऑन द शेअर्ड ड्राइव्ह."

गुरुनाथच्या हातातली वाटी तिथेच राहिली.

"आर यू गोइंग टु टेल आई, ऑर शुड आय?"

"मी सांगतो. दोन दिवस दे मला."

रुहीने दोन दिवस दिले. मग काही न बोलता आणखी दोन आठवडे दिले. रोज जेवताना ती बापाकडे एकदा बघायची आणि मग ताटाकडे. परक्या माणसाने शिव्या दिल्या असत्या तर त्याला एवढा त्रास झाला नसता.

एप्रिलच्या मध्यावर विनीताने त्याच्यापुढे दोन कागद ठेवले. जाहीर सुनावणीत ती बोलणार होती. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळत. "माझं इंग्लिश बोलायला ठीक आहे, पण लिहिलेलं तू बघ. तुझं ड्राफ्टिंग चांगलं आहे," ती म्हणाली.

गुरुनाथ पेन घेऊन बसला. नाव न घेता तिने आपल्या मालकाबद्दल लिहिलं होतं. मुलगा सात वर्षांचा, बोलत नाही. सप्टेंबरमध्ये आला तेव्हा शाळेत काही खायचा नाही, दिवसभर उपाशी. विनीता रोज त्याच्यासमोर आपला डबा उघडायची, एक घास खायची आणि गप्प बसायची. नोव्हेंबरात त्याने स्वतःचा डबा उघडला. जानेवारीत एक द्राक्ष खाल्लं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने अर्धं सँडविच संपवलं, आणि त्याची आई शाळेच्या दारात उभी राहून रडली. आता तो जेवतो, पण तिने पहिला घास खाल्ल्याशिवाय नाही. एजन्सी रोज नवी बाई पाठवेल, असं विनीताने लिहिलं होतं, आणि पुढे तिला वाक्य सुचलं नव्हतं.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. त्याच आठवड्यातल्या रविवारी तो तक्ता भरत होता. दहा पावलांवर थालिपीठं लावणाऱ्या बाईच्या मनात त्या दिवशी ते अर्धं सँडविच असणार, आणि आपण एक शब्दही विचारला नाही, हे गुरुनाथला तेव्हा कळलं. त्याने मान वर केली. ती अपेक्षेने बघत होती.

"कसं झालंय?"

"चांगलं झालंय," तो म्हणाला. त्याने दोन क्रियापदं बदलली, एक स्वल्पविराम घातला आणि अपुऱ्या जागी एक वाक्य भरून दिलं: या मुलाने पुन्हा उपाशी राहावं अशी शिफारस ज्यांनी केली, त्यांनी एकदा येऊन त्याचं जेवण पाहावं. विनीताने ते वाचलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे भारी आहे," ती म्हणाली.

सुनावणी एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता हायस्कूलच्या सभागृहात होती. पुढच्या चार रांगा जांभळ्या झाल्या होत्या. गुरुनाथ रुहीशेजारी मागच्या बाजूला बसला. आत शिरताना त्याने बोलणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव लिहिलं होतं, तेवढं धैर्य त्याने आणलं होतं. आपण उभं राहू, शिफारस मागे घेऊ, आणि विनीताला ते तिथेच कळेल, असा त्याचा हिशेब होता. त्याचे हिशेब कागदावर नेहमी बरोबर येत.

लोकांचं बोलणं सुरू होण्याआधी डॉक्टर हॅलोरन यांनी बजेट मांडलं. सातव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य आलं. जे मी स्वतः सोडायला तयार नाही ते इतरांना सोडा म्हणून कसं सांगू? खाली लहान अक्षरांत होतं: कमिटीचे सदस्य, पत्नी आपल्याच डिस्ट्रिक्टमध्ये पॅरा. बाई म्हणाल्या की असा निःस्वार्थीपणा आपल्या गावात आहे याचा त्यांना अभिमान वाटतो.

आधी काहीच झालं नाही. मग नीनाची मान वळली. मग तिच्या शेजारणीची. एकेक करून चार रांगा विनीताकडे वळल्या. नवरा कमिटीवर असलेली पॅरा एकच होती, आणि ते तिने स्वतःच सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं. विनीता स्लाइड वाचत होती. तिला इंग्रजी दोनदा वाचायची सवय होती, तिने ती दोनदा वाचली. तिच्या डावीकडची बाई उठली आणि दोन रांगा मागे जाऊन बसली.

"ओह माय गॉड, डॅड," रुही खालच्या आवाजात म्हणाली.

चौथं नाव विनीताचं होतं. ती माइकपाशी गेली. समोर मोठ्या घड्याळात तीन मिनिटं लागली आणि उलटी पळू लागली. तिने नाव आणि पत्ता सांगितला. हातातले कागद तिने उघडलेच नाहीत.

त्या स्लाइडवरची पत्नी मी आहे, ती इंग्रजीत म्हणाली. हे मला तुमच्याबरोबरच, पंधरा मिनिटांपूर्वी कळलं. मग ती बोर्डाकडे पाठ करून जांभळ्या रांगांकडे वळली. मला माहीत नव्हतं, ती म्हणाली. मी तुम्हाला फसवलं नाही.

एवढंच बोलून ती परत जागेवर आली. घड्याळात अडीच मिनिटं शिल्लक होती आणि ती सगळ्यांसमोर संपत गेली, कारण ते मध्ये थांबवायची पद्धत नव्हती. नीनाने तिचा हात हातात घेतला. बाकी कोणी काही केलं नाही.

गुरुनाथचं नाव एकविसावं होतं. तो माइकपाशी गेला. तो तक्ता मी भरला, त्याने सांगितलं. ती ओळ म्हणजे काय काम आहे, हे कोणालाही न विचारता मी खूण केली, माझं चुकलं, कृपा करून ती खोडा. त्याने अर्ध्या सँडविचबद्दलही सांगायचा प्रयत्न केला, पण ते त्याला नीट जमेना.

बोर्डाच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. ते हसले, आणि हसण्यात आपुलकी होती. तुमची अडचण आम्ही समजू शकतो, ते म्हणाले, आज घरी जाणं सोपं नसणार. सभागृहात थोडा हशा झाला. नोंदीसाठी सांगतो, ते पुढे म्हणाले, पत्नी या निर्णयाने बाधित होत असल्यामुळे या सदस्यांचं आजचं निवेदन त्या दृष्टीनेच पाहिलं जाईल. बायकोच्या विरोधात लिहिलं तेव्हा तो निःस्वार्थी होता. तिच्या बाजूने उभा राहिला तेव्हा तो नवरा झाला. कोणीतरी मागून सहानुभूतीने टाळ्याही वाजवल्या. गुरुनाथ माइकपाशी उभाच राहिला, शेवटी कर्मचाऱ्याने येऊन पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

मतदान झालं. सहा विरुद्ध तीन. बजेट मंजूर झालं, एकोणिसाव्या ओळीसकट.

पार्किंगमध्ये विनीता नीनाच्या गाडीपाशी बराच वेळ उभी होती. ती तिच्याबरोबरच जाईल असं गुरुनाथला वाटलं, पण ती आली. मागचं दार उघडून रुहीशेजारी बसली. पुढची सीट मोकळी राहिली. गुरुनाथने गाडी सुरू केली आणि ते मुख्य रस्त्याला लागले. दोन सिग्नल गेले. रडारड झाली असती, आरडाओरडा झाला असता, तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी आपलं-परकं केलं नाही, विनीता," तो शेवटी म्हणाला. "एवढंच होतं माझ्या मनात. दुसऱ्या कोणाचं काढून आपलं वाचवलं असं व्हायला नको होतं मला."

"मला माहितीये ते," ती म्हणाली. आवाज थकलेला होता, चिडलेला नव्हता. "तू वाईट माणूस नाहीस रे. दुसऱ्या कोणाची नोकरी असती, तर खूण करायच्या आधी तू चारदा जाऊन त्या बाईला विचारलं असतंस. माझी होती म्हणून एकदाही विचारलं नाहीस."